झाकलेला सांधा



दुसऱ्याने घडविलेली वस्तू दुरुस्तीसाठी आपल्या हाती आली, तर तिच्यात किती फेरफार करण्याचा अधिकार आपल्याला पोहोचतो? अनुवादकाला हा प्रश्न नित्य भेडसावतो. मला मात्र त्याचे उत्तर तेलाने माखलेल्या एका मेजापाशी उमगले.

काही वर्षांपूर्वी एका अनुवाद-कार्यशाळेसाठी अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात माझे जाणे झाले. माझे यजमान निवृत्त शिक्षक होते. घरामागील गॅरेजमध्ये त्यांनी लाकडी घोडीवर एक जुनी आऊटबोर्ड मोटर, म्हणजे होडीच्या मागील कडेस अडकवायचे इंजिन, टांगून ठेवली होती. याच राज्यातील मिलवॉकी शहरात, नॉर्वेमध्ये जन्मलेल्या ओले एव्हिनरूड या कारागिराने १९०९ साली आपली आऊटबोर्ड मोटर विक्रीस आणली. यजमानांचे इंजिनही एव्हिनरूडच, १९५०च्या दशकातले. त्यांच्या वडिलांनी घेतलेले आणि कित्येक वर्षे कोपऱ्यात पडून राहिलेले. ते पुन्हा चालते करून नातवाला तळ्यावर न्यावे, हा त्यांचा संकल्प होता.

रोज सायंकाळी मी शेजारी बसून पाहत असे. पिस्टन सिलिंडरमध्ये घट्ट बसले होते. स्पार्क प्लगच्या छिद्रांतून तेल सोडून त्यांनी काही दिवस धीर धरला. कार्बुरेटरमध्ये जुन्या पेट्रोलचा चिकट थर साचला होता. पाण्याच्या पंपाचा रबरी इम्पेलर कडक झाला होता. फ्लायव्हील उतरविल्यावर मॅग्नेटोच्या कॉइल्सना तडे गेलेले दिसले. हे सर्व त्यांनी निःशंक मनाने बदलले किंवा स्वच्छ केले.

टाकीपाशी मात्र त्यांचा हात थांबला. त्या काळातील या इंजिनाला पेट्रोलचा पंप नाही. टाकीकडे दोन नळ्या जातात: एकीतून क्रँककेसमधील हवेचा दाब टाकीत शिरतो आणि त्या दाबाने दुसरीतून पेट्रोल इंजिनाकडे येते. गॅस्केट किंवा नळी कुजली, तर दाबाखालचे पेट्रोल होडीत उडते. नवा पंप आणि एकच नळी बसविली, तर हा धोका टळतो. परंतु मग यंत्र मूळचे राहत नाही आणि संग्राहकांच्या लेखी त्याचे मोल उतरते.

दोन दिवस विचार करून त्यांनी पंप बसविला. क्रँककेसमधील तीच स्पंदने आता पंपाचा पडदा हलवू लागली. ते म्हणाले, "बनविणाऱ्याने हे माणसांना पाण्यावरून नेण्यासाठी बनविले. माझा नातू त्यात बसणार आहे." जुनी टाकी व नळ्या त्यांनी फळीवर जपून ठेवल्या आणि एका वहीत बदललेला प्रत्येक भाग तारखेनिशी लिहिला. ती वही कशासाठी, असे मी विचारले. "एव्हिनरूड मोटरींचे उत्पादन २०२० साली थांबले. उद्या हे ज्याच्या हाती जाईल, त्याने मूळ काय होते हे कोणाला विचारावे?"

वाचकहो, त्या रात्री मला झोप आली नाही. एका मसुद्यात, मूळ वाक्य दुर्बोध वाटले म्हणून, मी पदरचा एक शब्द घातला होता. टीप दिली नव्हती. समितीच्या नजरेतून तो निसटला. उलट एका वाचकाने नेमका त्याच शब्दाची प्रशंसा केली आणि मी गप्प राहिलो.

शब्द घालणे हा माझा अपराध नव्हता. एका भाषेतून दुसरीत जाताना अधिकउणे होतेच. १६११च्या इंग्रजी बायबलमध्ये असे पदरचे शब्द निराळ्या टाइपात छापले होते, ते याचसाठी. मी सांधा झाकला, हा माझा अपराध.

कोणी म्हणेल, परिणाम चांगला झाला तर डांगोरा कशाला पिटावा? याचे कारण असे की, आपल्यानंतर येणारा त्या जोडालाच मूळ समजतो आणि त्याच्यावर पुढची इमारत रचतो. याउलट, निष्ठेच्या नावाखाली कशालाच हात न लावणारा मनुष्य जर लेकराला त्या गळक्या टाकीशेजारी बसवील, तर त्याची निष्ठा केवळ लोखंडाशी आहे, असे म्हणावे लागेल. मला वाटते, वस्तूच्या हेतूसाठी आवश्यक तेवढाच बदल करावा आणि केलेला बदल लपवू नये.

निघण्याच्या आदल्या दिवशी पाण्याने भरलेल्या पिंपात ती मोटर चालविली. कित्येकदा दोरी ओढल्यावर निळसर धूर निघाला आणि ती धडधडू लागली. यजमानांनी आधी वहीत तारीख लिहिली, मग नातवाला हाक मारली.

परतल्यावर मी समितीपुढे तो शब्द ठेवला. चर्चेअंती शब्द राहिला. खाली टीप आली. माझी थोडी नाचक्की झाली, पण मन हलके झाले.

आपल्याही हाती वाडवडिलांचे काही ना काही येते: घर, हिशेबाची वही, दिवंगतांच्या आठवणी. त्या सावरताना आपण कोठे काय जोडले, हे आपल्या मुलांना ठाऊक आहे काय?