कोणी न वाचलेले पत्र

१ एप्रिल २००४ रोजी गूगलने जीमेल सुरू केले. एक गिगाबाइट जागा फुकट मिळणार, हे ऐकून अनेकांना तो एप्रिल फूलचा विनोद वाटला. जागा खरीच होती. तिचा मोबदला पत्राच्या शेजारी दिसू लागला. मजकुरातले शब्द हेरून तिथे जाहिराती लागत. मित्राने सहलीचा बेत कळवला की बाजूला हॉटेलांची नावे. खासगीपणासाठी झटणाऱ्या संघटनांनी त्याच महिन्यात जाहीर पत्र काढून आक्षेप घेतला. कॅलिफोर्नियाच्या सिनेटर लिझ फिग्वेरोआ यांनी तर या प्रकाराला लगाम घालणारे विधेयकच मांडले.

गूगलचा बचाव साधा होता: पत्र कोणी माणूस वाचत नाही, यंत्र चाळते, स्पॅम अडवण्यासाठीही ते चाळतेच.

हा बचाव वाटतो तितका पोकळ नाही. पत्र उघडे पडल्याची लाज वाटते ती दुसऱ्या माणसाच्या नजरेमुळे. ज्याला जाणीवच नाही, त्याच्यापुढे संकोच कसला? कपाटाला कोणी लाजत नाही.

पण पाहणे आणि फळ भोगणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे भारतीय दर्शनांनी फार पूर्वी ओळखले होते. मुंडक उपनिषदात एकाच झाडावर दोन पक्षी बसलेले आहेत. एक फळ खातो, दुसरा नुसता पाहतो. त्या पाहणाऱ्याला फळाची हाव नाही, म्हणून त्याच्या नजरेचा कोणाला जाचही नाही. जाहिरातीच्या यंत्राचे बरोबर उलटे आहे. ते काहीच ‘पाहत’ नाही, पण फळ मात्र त्याच्या मालकाच्या पदरात पडते. माणसाने वाचले की यंत्राने, एवढ्यावरच वाद घातला तर या फळाचा हिशेब बाजूलाच राहतो.

हा हिशेब कॅथलिक चर्चने बारकाईने मांडला आहे. कन्फेशनमध्ये ऐकलेले पाप उघड करणाऱ्या धर्मगुरूला पदावरून काढून आजन्म प्रायश्चित्तासाठी मठात धाडावे, असे १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेने ठरवले. १९८३ ची धर्मसंहिता आणखी पुढे जाते. गुपित फुटण्याचा काडीइतकाही धोका नसला, तरी ऐकलेल्या गोष्टीचा सांगणाऱ्याला बाधेल असा वापर करायचा नाही, असे तिचे ९८४ वे कलम बजावते. अधिकारपदावरच्या व्यक्तीने तर तशी माहिती बाहेरच्या कारभारात कुठल्याही प्रकारे वापरायची नाही. तिथे नुकसान झाले की नाही, हा प्रश्नही उरत नाही. विश्वासाने सांगितलेले ज्या कामासाठी सांगितले, त्याच कामापुरते.

गूगलने जून २०१७ मध्ये जाहिरातींसाठी जीमेलचा मजकूर चाळणे थांबवत असल्याचे जाहीर केले. व्हॉट्सअ‍ॅपच्या संस्थापकांनी २०१२ मध्ये जाहिराती न घेण्याची कारणे लिहून प्रसिद्ध केली होती; २०१४ मध्ये फेसबुकने कंपनी विकत घेतली आणि जून २०२५ मध्ये ‘अपडेट्स’ विभागात जाहिराती येत असल्याची घोषणा झाली. खासगी निरोप एन्क्रिप्टेड असल्याने त्यांना मात्र हात लागत नाही, असे कंपनी सांगते.

यानंतरचा टप्पा अधिक बोलका आहे. मेटा एआय या चॅटबॉटशी झालेल्या गप्पांवरूनही जाहिराती ठरतील, असे फेसबुकची मालक कंपनी मेटाने ऑक्टोबर २०२५ मध्ये सांगितले. गिर्यारोहणाबद्दल विचारले तर ट्रेकिंगच्या बुटांची जाहिरात दिसू शकेल, हे उदाहरण कंपनीचेच. इथे पलीकडे माणूस नाहीच. सांगायचे तेही यंत्रालाच. तरीही धर्म, आरोग्य, राजकीय मते आणि लैंगिक कल यांविषयीचे बोलणे जाहिरातींसाठी वापरणार नाही, अशी ग्वाही कंपनीला द्यावी लागली. यंत्राचे वाचणे हे वाचणेच नसेल, तर आजाराबद्दलचा प्रश्न आणि बुटांबद्दलचा प्रश्न यांत तिने फरक का करावा? आणि एकदा तो फरक मान्य केल्यावर, रेषा बुटांच्या अलीकडे ओढायची की पलीकडे, हे विकणाऱ्यानेच का ठरवावे?