वळशाच्या आत

मुळशीच्या जलाशयाला सायकलने वळसा घालणं पुण्याकडच्या अनेकांना आवडतं, मलाही. पण त्या पाण्याकडे पाहताना एक प्रश्न पडतोच. दुसऱ्याच्या नुकसानीतून घडलेलं सौंदर्य निखळपणे उपभोगता येतं का?

हे तळं निसर्गाने दिलेलं नाही. मुंबईला वीज हवी होती म्हणून टाटांनी मुळेचं खोरं अडवलं. भातखाचरं आणि गावं बुडणार म्हणून मावळातल्या शेतकऱ्यांनी १९२१मध्ये सत्याग्रह केला. सेनापती बापट त्याचे नेते. धरण तरीही झालं.

शंभर वर्षांपूर्वीचं ओझं आज सायकलवर कशाला, असं कुणी विचारेल. दोष वारशाने येत नाही, हे मान्य. लाभ मात्र येतो. काठावरचा गार वारा मला फुकट मिळतो, कारण त्याची किंमत आधीच कुणीतरी चुकवली आहे. म्हणून मी अपराधी ठरत नाही. पण जाण ठेवणं माझ्याकडे लागतं. रस्ता वळसा घालतो, कारण खोऱ्यातल्या जुन्या वाटा पाण्याखाली आहेत. हे ठाऊक झाल्याने दृश्य कमी सुंदर होत नाही. फक्त ते निर्मनुष्य वाटेनासं होतं.