लोकेशन पाठव ना

फाल्गुनात पौडच्या आसपास मुळेच्या काठाने चालायला लागलं की आधी पळस दिसतो. पान एक नाही, नुसती केशरी फुलं. काटेसावरीवर मैना आणि बुलबुल मधासाठी भांडत असतात. नदीच्या कडेचे गोटे उघडे पडलेले असतात आणि त्यांत, नीट पाहिलं तर, टिटवीची अंडी सापडतात. मातकट रंगावर काळे ठिपके. गोट्यांमधले आणखी चार गोटे.

काही वर्षांपूर्वी मला ती पहिल्यांदा स्वतःहून सापडली. मी फोटो काढला आणि ग्रुपवर लोकेशन टाकलं. मनात वाईट काही नव्हतं. सुंदर गोष्ट एकट्याने पाहिली की अर्धवट पाहिल्यासारखी वाटते, एवढंच.

पुढच्या रविवारी अकराच्या सुमारास गेलो तर सात-आठ जण गोल करून उभे. फ्रेम चांगली यावी म्हणून एकाने मधला दगड उचलून बाजूला ठेवला. टिटवी डोक्यावर घिरट्या घालत ओरडत होती. मग खाली उतरून, पंख मोडल्याचं सोंग करत लांब पळू लागली. शत्रूने अंडी सोडून आपल्यामागे यावं म्हणून ती असं करते. लोकांनी त्याचेही व्हिडिओ काढले. उन्हाळ्यात टिटवी अंड्यांवर बसते ती सावली द्यायलाही. कधी पोटाची पिसं पाण्यात भिजवून येते, अंडी गार राहावीत म्हणून. आम्ही होतो तोवर अंडी उन्हात होती. 'आम्ही' म्हणतोय, कारण पाच मिनिटं मीही फोन काढून उभा होतो.

आठवड्याने तिथे काहीच नव्हतं. टरफलंही नाहीत. टिटवीची पिल्लं जन्मल्यावर लवकरच चालू लागतात, तेव्हा ती निघून गेली असतील. किंवा अंडी कुत्र्याने खाल्ली असतील.

बरेच दिवस मला ते कळायला हवं होतं. पिल्लं जगली असतील तर मी सुटलो, असा हिशेब. पण मी जे केलं ते दोन्ही बाबतींत तेच होतं. फरक पडला असेल तर तो कुत्र्याच्या भुकेमुळे. दारू पिऊन गाडी चालवणारा सुखरूप घरी पोचला म्हणून तो बरोबर होता असं आपण म्हणत नाही. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात तर 'शिकार' या शब्दाच्या व्याख्येतच पक्ष्यांच्या अंड्यांना किंवा घरट्याला त्रास देणं येतं.

मग गप्प बसावं का? आयनॅचरलिस्टसारखी अ‍ॅप्स धोक्यातल्या जातींची नेमकी जागा लपवतात. टिटवी पडली रोजची. तिच्यासाठी कोण लपवणार? आणि लपवण्याचीही किंमत असते. ज्या काठावर कुणी काही पाहिलेलंच नाही, तिथे राडारोड्याचा डंपर रिकामा करताना कुणाला काही वाटत नाही. शिवाय 'जागा सांगू नका' म्हणणाऱ्यांच्या बोलण्यात मला एक जुना माज ऐकू येतो: आम्हाला कळतं, तुम्हाला नाही. मला तरी कुठे आपोआप कळलं होतं? लहानपणी गुरं चारणाऱ्या एका आजोबांनी काठीने लांबून अंडी दाखवली होती. मी पुढे सरकलो तशी तीच काठी आडवी आली. "हितनंच बघ. तिला कशाला तरास?"

त्यांनीही लोकेशनच दिलं होतं. पण त्यात किती लांब उभं राहायचं तेही होतं, आणि मी ऐकतोय की नाही हे पाहायला ते स्वतः तिथे होते. मॅपवरच्या पिनमध्ये यातलं काही जात नाही. अर्थात असं एकेकाला सांगायचं तर माझ्या ओळखीच्या आणि रविवार मोकळा असलेल्यांनाच टिटवी दिसणार. हा अन्यायच आहे आणि त्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

यंदा चैत्रात पुन्हा अंडी दिसली. लांबून, दुर्बिणीतून. स्टेटसला मी फक्त तिथल्या फुललेल्या वायवर्ण्याचा फोटो टाकला. पाच मिनिटांत मावसबहिणीचा मेसेज: "दादा, कसलं भारी! लोकेशन पाठव ना."

"रविवारी सकाळी सहाला पौडच्या स्टँडवर ये. चालत जाऊ. भडक कपडे नकोत."

"सहाला???"