न पोचलेली पत्रे : परित्यक्त मनोरुग्णालय आणि वाचनाची नैतिकता

भग्न वास्तूविषयीची ओढ ही आधुनिक सौंदर्यदृष्टीची जुनी खूण आहे. अठराव्या शतकातील युरोपीय चित्रकारांनी आणि कवींनी पडक्या मठांना व ढासळलेल्या मनोऱ्यांना काळाच्या चिंतनाचे निमित्त केले. अलीकडच्या काही दशकांत हीच ओढ बंद पडलेल्या मनोरुग्णालयांकडे वळली आहे. पोपडे धरलेल्या भिंती, एका रांगेतील गंजलेले पलंग, जमिनीवर विखुरलेली कागदपत्रे यांची छायाचित्रे टिपण्यासाठी अशा इमारतींत शिरणारे हौशी शोधक आज अनेक देशांत आढळतात. क्रिस्टोफर पेन याच्या २००९ साली प्रसिद्ध झालेल्या, अमेरिकेतील सरकारी मनोरुग्णालयांवरील छायाचित्रसंग्रहात रुग्णांचे दात घासण्याचे ब्रश ओळीने टांगलेले दिसतात. वस्तू अत्यंत खाजगी आहे. ती वापरणारी व्यक्ती मात्र चौकटीत कोठेच नाही. या अनुपस्थितीतूनच चित्राचे सौंदर्य निर्माण होते. प्रश्न असा की, हे सौंदर्य कोणाच्या खर्चाने निर्माण होते?

अशा वास्तूंना सरसकट ‘परित्यक्त’ म्हटले जाते. मराठीत हे विशेषण वास्तूपेक्षा माणसाच्या संदर्भात अधिक रुळलेले आहे. ‘परित्यक्ता’ म्हणताच टाकून देणारा कोणी तरी गृहीत धरला जातो. व्यवहारातील ‘टाकलेली’ हा शब्द तर ते अधिकच उघडपणे सांगतो. इमारतीला परित्यक्त म्हणताना मात्र हा कर्ता अदृश्य होतो आणि त्यागाची करुणा माणसांकडून विटांकडे सरकते. वस्तुतः मनोरुग्णालयाच्या बाबतीत त्यागाचा क्रम उलटा असतो. इमारत गजबजलेली होती, तेव्हाच तिच्यातील माणसे टाकलेली होती. ती ओस पडणे ही काही ठिकाणी न्यायाचीच घटना होती.

इटलीतील तोस्काना प्रांतातील व्होल्तेर्रा येथील मनोरुग्णालय हे याचे ठळक उदाहरण होय. १९३०च्या दशकाच्या अखेरीस तेथे चार हजारांहून अधिक रुग्ण होते. गोरित्सिया आणि त्रिएस्ते येथे फ्रांको बझाल्या याने चालविलेल्या प्रयोगांतून जे आंदोलन उभे राहिले, त्याची परिणती मे १९७८च्या १८० क्रमांकाच्या कायद्यात झाली. मनोरुग्णालयांतील नव्या भरतीला या कायद्याने प्रतिबंध केला आणि जुन्या संस्था क्रमाक्रमाने रित्या करण्याचे धोरण स्वीकारले. तेव्हा व्होल्तेर्राच्या ओसाड दालनांत उभे राहून जो केवळ हळहळतो, त्याची हळहळ चुकीच्या जागी पडते.

परंतु ही दालने निःशब्द नाहीत, आणि येथेच प्रश्न साहित्यविचाराच्या कक्षेत येतो. या रुग्णालयातील रुग्णांनी आप्तांना लिहिलेली अनेक पत्रे टपालात पडलीच नाहीत. ती रुग्णांच्या वैद्यकीय नोंदींच्या पुडक्यांत ठेवली गेली. पुढे ती तेथे सापडली आणि त्यांचे संकलन ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. पत्र हा मुळातच संबोधनाचा प्रकार आहे. ‘तू’ असल्याशिवाय त्यातील ‘मी’ उभा राहत नाही. संस्थेने ही पत्रे फाडली नाहीत, जतन केली. पण त्यांतील ‘तू’ काढून घेतला. पत्र वाचले गेले ते निरोप म्हणून नव्हे, लक्षण म्हणून. समजा, एखाद्याने घरी परत नेण्याची विनंती केली असेल, तर त्या विनंतीला होकार वा नकार मिळाला नाही. ती आजाराच्या नोंदीत जमा झाली. शब्दांना अर्थ होता, तो लावलाही गेला. फक्त त्यांना उत्तर देण्याची जबाबदारी कोणावरच उरली नाही.

याच जागी समीक्षेने स्वतःकडेही पाहिले पाहिजे. १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात रोलां बार्थ याने लेखकाच्या मृत्यूचा सिद्धांत मांडला आणि संहिता तिच्या उगमापासून मोकळी केली. ही मुक्तता वाचकाला फलदायी ठरली यात शंका नाही. तथापि, लेखकाला त्याच्या लेखनापासून तोडणे ही मनोरुग्णालयात सैद्धांतिक भूमिका नव्हती. ती दैनंदिन कार्यालयीन पद्धत होती. लक्षण शोधणारा वैद्य आणि चिन्हांची व्यवस्था शोधणारा समीक्षक यांचे हेतू भिन्न आहेत. पण आपल्याला कोणी काही मागत आहे, या वस्तुस्थितीतून दोघांनाही सारखीच सुटका मिळते. भग्नतेचा छायाचित्रकार हा या दोघांचाच तिसरा भाऊबंद होय.

यावर एक गंभीर आक्षेप संभवतो. मिशेल फूको याने १९६१च्या आपल्या ग्रंथात वेडाच्या मौनाचे उत्खनन करण्याचा संकल्प सोडला, तेव्हा झाक देरिदा याने १९६३ साली असा प्रश्न उपस्थित केला की, मौनाचे उत्खनन तरी विवेकाच्या भाषेतच होणार नाही काय? मग टाकलेल्यांच्या वतीने बोलणारा प्रत्येक जण त्यांना पुन्हा एकदा गप्पच करतो, असे म्हणावे लागेल. हा आक्षेप तर्कदृष्ट्या बिनतोड वाटतो, पण त्याचे गृहीतकच तपासले पाहिजे. व्होल्तेर्रातील रुग्ण मौनात नव्हते. ते लिहीत होते. ओरेस्ते फेर्नांदो नान्नेत्ती या रुग्णाने आपल्या जाकिटाच्या बकलाच्या टोकाने रुग्णालयाच्या फेर्री विभागाच्या आवारातील भिंतीवर वर्षानुवर्षे अक्षरे आणि आकृती कोरल्या. या कोरीव लेखनाची लांबी सुमारे १८० मीटर सांगितली जाते. येथे मौन बोलणाऱ्याचे नव्हते, ते ऐकणाऱ्याचे होते. म्हणून प्रश्न त्यांच्या वतीने बोलण्याचा नाही; जे बोलले गेले आहे, त्याला बोलणे म्हणून मान्यता देण्याचा आहे.

नान्नेत्ती १९९४ साली वारला. भिंतीचा गिलावा पडत गेला, काही भाग काढून जतन करण्यात आले. येथे एक खरा पेच आहे. ती संहिता राखायची तर तिला बंदिस्त ठेवणारी भिंतही राखावी लागते. भिंत पाडायची तर लेखनही जाते. पडझडीत रमणारी दृष्टी हा पेच पाहूच शकत नाही, कारण तिच्या लेखी गिलाव्याचे पोपडे आणि कोरलेली अक्षरे यांत फरकच नसतो : दोन्ही काळाच्या खुणा. खूण आणि संबोधन यांतील भेद पुसणे, हाच अशा पाहण्याचा मूळ नैतिक दोष होय.

नावाचा प्रश्न याहून बिकट आहे. न्यूयॉर्क राज्यातील सेनेका सरोवराकाठचे विलर्ड हे मनोरुग्णालय १८६९ साली सुरू झाले आणि १९९५ साली बंद झाले. बंद होताना तेथील एका माळ्यावर चारशेहून अधिक बॅगा सापडल्या. रुग्णांनी दाखल होताना आणलेल्या आणि पुन्हा कधीही न नेलेल्या. राज्याच्या संग्रहालयाने त्या जतन केल्या, २००४ साली त्यांचे प्रदर्शन भरले. परंतु गोपनीयतेच्या नियमांमुळे बॅगांच्या मालकांची खरी नावे सांगता आली नाहीत. तेथील दफनभूमीत साडेपाच हजारांहून अधिक माणसे पुरलेली आहेत, तीही नावांनी नव्हे, क्रमांकांनी. त्यांतील पंधराशेहून अधिक थडगी लॉरेन्स मोका या रुग्णानेच खोदली होती. १९६८ साली तो वारला आणि त्याच भूमीत क्रमांकाखाली गेला. त्याचे नाव तेथे कोरले जाण्यास २०१५ साल उजाडावे लागले.

गोपनीयतेचा आग्रह निराधार नाही. वेडाचा कलंक वंशजांनाही छळतो, आणि आपली बॅग अनोळखी माणसांनी उघडावी असे तिच्या मालकाने कधी म्हटले नव्हते. मात्र या माणसांच्या हयातीत त्यांची पत्रे उघडणाऱ्या, त्यांचे सामान माळ्यावर टाकणाऱ्या व्यवस्थेला त्यांच्या खाजगीपणाची आठवण ते मेल्यावर व्हावी, यातील विसंगती दृष्टीआड करता येत नाही. नाव कोणाचे सांगावे याचा सरसकट नियम कदाचित करता येणार नाही. परंतु नाव झाकताना संरक्षण कोणाचे होते, त्या माणसाचे की त्याला टाकणाऱ्यांचे, हे प्रत्येक वेळी विचारणे शक्य आहे, आणि आवश्यकही.

न पोचलेल्या पत्राचा आजचा वाचक त्या पत्रातील ‘तू’ होऊ शकत नाही. तसा आव आणणे ही दुसरी फसवणूक ठरेल. ज्याला उत्तर हवे होते, तो उरलेला नाही. पण आपण तिऱ्हाईत आहोत, म्हणून समोरचे केवळ संहिता आहे, असे म्हणण्याचा अधिकारही या वाचकाला मिळत नाही. विनंती ही विनंती म्हणून वाचणे, ती कोणाला उद्देशून होती आणि कोणी अडविली हे वाचनाचाच भाग मानणे, आणि तिचा अर्थ लावून झाल्यावरही ती अनुत्तरितच राहिली आहे हे विसरू न देणे, एवढेच त्याच्या हाती आहे. पडक्या रुग्णालयाच्या दारात कॅमेरा घेऊन उभ्या असलेल्या शोधकाचे कर्तव्यही याहून वेगळे नाही.