टाइलला भोक पाडताना

न्हाणीघरात आजीच्या आधारासाठी दांडी लावायची आहे. ड्रिल हातात आलं की हॅमर चालू करायची घाई होते. थांबा. टाइलवरचा चकचकीत थर काचेच्या जातीचा. त्याला घासणं सोसतं, ठोके सोसत नाहीत. खुणेवर कागदी चिकटपट्टी लावा, म्हणजे टोक घसरणार नाही. साध्या टाइलला भाल्यासारखं कार्बाइड बिट, व्हिट्रिफाइडला हिऱ्याचं. गती मंद, दाब हलका. टाइल पार झाल्यावरच विटेसाठी हॅमर. नळाच्या सरळ वर-खाली भोक नकोच, पाइप बहुधा तिथूनच गेलेला असतो. आणि प्लग टाइलमध्ये अडकवू नका, मागच्या भक्कम भिंतीत पूर्ण बसवा. आजीचा सगळा भार त्यावरच येणार आहे.