भोजकटातला डाव

युद्ध आणि दरबारी कारस्थानांचा कल्पित खेळ मांडायला बसलेल्या माणसापुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो धर्मशास्त्राचा : शेवट आधीच ठरवायचा का? १९७४ साली अमेरिकेत ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ बाजारात आला, तेव्हापासून या खेळाची रीत साधारण तीच आहे. चारपाच जण एकेक पात्र घेतात आणि आपलं पात्र काय करतं ते तोंडी सांगतात. राजे, हेर, पाऊसपाणी, शत्रूची फौज हे बाकीचं सगळं जग एकटा गेम मास्टर सांभाळतो. यश-अपयशाची खात्री नसेल तिथे फासे टाकायचे. या खेळाचं कूळ शोधत मागे गेलं, तर १८२४ साली प्रशियाच्या लष्करासाठी राइसविट्झ यांनी सिद्ध केलेल्या युद्धखेळापाशी पोचता येतं. त्यात सगळा पट फक्त पंचाला माहीत असे; लढणाऱ्यांना आपल्या ठाण्यावरून दिसेल तेवढंच कळे. सगळं जाणणारा एक आणि अर्धवट कळलेल्यावर निर्णय घेणारे बाकीचे, ही मांडणी आपल्याकडच्या कीर्तनालाही नवी वाटणार नाही.

वऱ्हाडातल्या माणसाला अशा खेळातल्या मोहिमेसाठी परदेशी किल्ले आणि ड्रॅगन उसने आणायची गरज नाही. अमरावती जिल्ह्यात, तिवसा तालुक्यात, वर्धा नदीच्या काठी कौंडण्यपूर आहे. परंपरेनं ते भीष्मकाचं कुंडिनपूर, रुक्मिणीचं माहेर. भागवताच्या दशम स्कंधातली तिच्या हरणाची कथा भक्तिभाव क्षणभर बाजूला ठेवून वाचली, तर ती सरळसरळ राजकारणाची कथा आहे. बापाचं मन कृष्णाकडे, थोरला भाऊ रुक्मी शिशुपालाच्या बाजूचा. शिशुपालामागे जरासंध, शाल्व, दंतवक्र अशी राजांची फळी, आणि ते लग्नाला येतात तेच लढायच्या तयारीनं. या सगळ्यांत खरी मुत्सद्दी ठरते ती नवरी. तिनं ब्राह्मणाहाती धाडलेल्या निरोपातला प्रेमाचा भाग सगळ्यांना पाठ असतो. त्यातला डावपेच मात्र सहसा कुणी सांगत नाही. अंतःपुरातून मला न्यायचं तर माझ्या आप्तांना मारावं लागेल, म्हणून लग्नाच्या आदल्या दिवशी कुलदेवीच्या दर्शनाला मी नगराबाहेर येईन तेव्हा ने, असं ती कळवते. रक्त कमीत कमी सांडावं म्हणून तिनं जागा आणि वेळ निवडली. आता शेवट आधीच ठरलेला असेल, ती लक्ष्मी आणि तो नारायण हे आधीच पक्कं असेल, तर या निवडीला अर्थ काय उरतो? पत्र न पाठवताही तेच घडणार असेल, तर त्या पत्रातली करुणा हा नुसता देखावा ठरतो.

माझं म्हणणं असं, की ज्यानं शेवट ठरवला, त्यानंच सगळं केलं. खेळाडू काहीही करोत, गेम मास्टर त्यांना आपल्याच ठरलेल्या लढाईपाशी नेऊन उभं करत असेल, तर त्या लढाईतलं पाप-पुण्य खेळाडूंच्या नावावर लिहिता येत नाही. भागवतात याचा एक चोख पुरावा आहे, आणि तो जरासंधाच्या तोंडी आहे. नवरी गेल्यावर खचलेल्या शिशुपालाला तो समजावतो की माणूस म्हणजे नाचवणाऱ्याच्या इच्छेनं नाचणारी लाकडी बाहुली. मी स्वतः कृष्णाकडून सतरा वेळा हरलो आणि एकदाच जिंकलो, तरी शोक करत नाही. हे तत्त्वज्ञान सांगायला त्याला पराभवानंतरचाच मुहूर्त सापडतो, हे ध्यानात घ्यायला हवं. बाहुलीचा सिद्धांत हरलेल्याला फार सोयीचा असतो. रुक्मीला तो पटत नाही. कृष्णाला मारून बहिणीला परत आणल्याशिवाय कुंडिनपुरात पाऊल ठेवणार नाही, अशी शपथ घेऊन तो पाठलागावर निघतो. तो चुकीचा आहे, उद्धट आहे. पण आपल्या कृत्याचा धनी आहे. म्हणूनच मोहिमेत खलनायक घ्यायचा तर तो रुक्मी असावा.

यावर गीतेचा आधार घेऊन आक्षेप येईल. अकराव्या अध्यायात कृष्ण सांगतो की हे योद्धे मी आधीच मारलेले आहेत, तू फक्त निमित्त हो. पण तोच कृष्ण अठराव्या अध्यायात सगळं सांगून झाल्यावर म्हणतो की यावर नीट विचार कर आणि मग तुला हवं ते कर. निवड अर्जुनाचीच राहते. विश्वरूप दाखवून झाल्यावरही अर्जुनाला विचारावंच लागलं, याचा अर्थ सर्वज्ञता आणि सक्ती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. याच जिल्ह्यातल्या रिद्धपूरला ज्यांचं मोठं स्थान आहे, त्या महानुभावांनी तर जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चारही अनादी आणि परस्परांहून वेगळे मानले. जीव वेगळा मानला की त्याच्या करणीचा धनी तोच होतो. ती परमेश्वराच्या माथी मारता येत नाही. गेम मास्टरनं हे द्वैत पाळावं. जग त्याचं, पात्रं खेळाडूंची.

दुसरा आक्षेप जास्त व्यवहारी आहे. रुक्मिणीहरणाचा शेवट शेंबड्या पोरालाही ठाऊक असताना त्यात मोकळीक कसली? पण ठाऊक असतो तो निकाल. हरण नेमकं कुठून झालं, यावर इथे आजही एकमत नाही; कौंडण्यपूरचे लोक आपल्या देवीचं नाव घेतात, अमरावतीकर आपल्या अंबादेवीचं. रिद्धपूरला महानुभाव पंथाच्या चक्रधरांच्या आठवणी गोळा करणाऱ्या म्हाइंभटांनीही पाठभेद पुसून टाकले नाहीत, नोंदवून ठेवले. तिसरा आक्षेप फाशांचा : ठरलेलं नको म्हणून सगळं नशिबावर सोडलं, तर त्यात माणसाचं काय उरलं? विदर्भाच्याच दमयंतीचा नल इथे आठवतो. फाशांत राज्य गमावणारा नल पुढे राजा ऋतुपर्णाकडून अक्षहृदय ही फाशांची विद्या शिकला आणि आपल्याला हरवणाऱ्या पुष्कराशी पुन्हा खेळायला बसला. फासे काय पडतील ते आपल्या हाती नसतं. पणाला काय लावायचं, हे मात्र असतं. जबाबदारी तिथेच सुरू होते.

राहिला शेवटचा आक्षेप, की हा सगळा खेळच तर आहे. त्याचं उत्तर भोजकटात मिळतं. अमरावतीजवळची भातकुली म्हणजेच ते भोजकट, असं परंपरा सांगते. शपथ पुरी न झालेला रुक्मी तिथेच नगर वसवून राहिला. पुढे बहिणीला बरं वाटावं म्हणून त्यानं आपली नात रोचना कृष्णाचा नातू अनिरुद्ध याला दिली. लग्न लागल्यावर कलिंगाच्या राजानं रुक्मीच्या कानाला लागून त्याला बलरामाशी द्यूत खेळायला बसवलं. बलरामाला खेळता येत नव्हतं, हौस मात्र दांडगी. पहिले डाव रुक्मीचे झाले. मग बलरामानं मोठा डाव जिंकला, तरी रुक्मी म्हणाला, मीच जिंकलो. आकाशवाणी झाली की जिंकला बलराम. पंचानं आपलं काम केलं : खरं ते सांगितलं, हात कुणाचाच धरला नाही. रुक्मीनं ते झिडकारून बलरामाला गवळी म्हणून हिणवलं, आणि भर मंगल सभेत बलरामानं परिघ उचलून त्याला ठार केलं. दात दाखवून हसणाऱ्या कलिंगराजाचे दात पाडले ते वेगळेच. कृष्ण तिथेच होता. चांगलं झालं म्हणावं तर रुक्मिणी दुखावते, वाईट झालं म्हणावं तर भाऊ. तो काहीच बोलला नाही. मग नव्या नवरीला रथात बसवलं आणि वऱ्हाड द्वारकेच्या वाटेला लागलं.