नावांचा दगड

नाहूरच्या एका मित्रमंडळाला पुनर्विकासात तळमजल्यावर एक खोली मिळाली. कॅरम की व्यायामशाळा, यावर बैठका झडल्या आणि शेवटी ठरलं, इतिहास दालन करायचं. पूर्वेला मिठागरं होती, पश्चिमेला कारखान्यांचे भोंगे वाजायचे, हे नव्या पोरांना कळायला हवं, असं अध्यक्ष म्हणाले. टाळ्या पडल्या. मग कोनशिलेचा विषय निघाला आणि दालन मागे पडलं.

आधी अध्यक्षांचं नाव. मग सचिवांचं. खजिनदार काही बोलला नाही, त्याने नुसती वही मिटली, त्याचंही आलं. सल्लागार, माजी सल्लागार, मांडववाला, सगळे आले. ग्रॅनाइटवर कोरणारा अक्षरामागे पैसे घेणारा. खर्च वाचवायला ‘श्री.’ काढा, अशी सूचना आली. दुसऱ्याचं ‘श्री.’ काढायला सगळे तयार होते.

दगड आला त्याच दिवशी गावठाणातल्या एक आजी लाकडी फळी घेऊन आल्या. “सासरे हिने मीठ ओढायचे. कुठं ठेवू?”

कपाट नव्हतं. कपाटाचे पैसे अक्षरांत गेले होते.

एक निवृत्त मास्तर होते, कोनशिलेवर नाव नसलेले. म्हणाले, “भायखळ्याचं म्युझियम पाहिलंत ना? तिथे वस्तू आधी जमल्या, फोर्टातल्या बराकीत. 1857 च्या धामधुमीत लष्कराला बराक हवी झाली, वस्तू बाहेर पडल्या. मग भाऊ दाजी लाड, नाना शंकरशेट, बर्डवूडसाहेब वर्गणीला लागले. 1862 साली गव्हर्नर फ्रियरने कोनशिला बसवली. पुढे पैसा आटला, 1865 ला नाना गेले, उरलेलं काम सरकारने पुरं केलं. दार उघडलं 1872 ला. आणि नाव लागलं राणी व्हिक्टोरियाचं नि तिच्या नवऱ्याचं! भाऊ दाजी 1874 ला वारले. म्युझियमला त्यांचं नाव मिळालं 1975 साली.”

“म्हणजे आम्ही शंभर वर्षं थांबायचं?” सचिव म्हणाले.

“तुमची मर्जी. आजींना मात्र आज घरी जायचंय.”

कोरणारा दगड परत घेईना. तेव्हा खजिनदारानेच तो विटांवर आडवा टाकला आणि फळी वर ठेवली. फळीखाली नेमकं अध्यक्षांचं नाव झाकलं गेलं. त्यांनी ती सरकवली, तर सचिवांचं झाकलं. थोडी बाचाबाची झाली. शेवटी दगड पालथा घातला.

पालथ्या दगडावर मग वस्तू येऊ लागल्या. कुणी बंद कारखान्याचा पितळी बिल्ला आणला, कुणी कंदील, कुणी आजोबांचा रेल्वेचा पास. दगड भरला. आता कपाटाच्या वर्गणीसाठी रविवारी बैठक आहे. फळ्यावर सचिवांनी दुसरा विषय लिहिला होता, ‘काचेवर देणगीदारांची नावे’. त्यावर खडूने काट मारलेली दिसते. कुणी मारली, ते मंडळात विचारू नये.